टेक्स्टविड्थ 0 केली तरी व्हिम .टीएक्सटी फाइलमध्ये ओळ तोडतो, मदत हवी आहे

विंडोजवर जीव्हिम (व्हिम या टेक्स्ट एडिटरची खिडकीवाली आवृत्ती) वापरतो. दिवाळी अंकांसाठीचे लेख साध्या .टीएक्सटी फाइलमध्ये टंकतो आणि शेवटी मेलमध्ये चिकटवतो. तिथे प्रत्येक ओळ अर्ध्यात तुटलेली दिसते, कारण टंकतानाच व्हिम मध्येमध्ये खरेखुरे एंटर घालत जातो. संपादकांचा वैतागलेला फोन येतो तो वेगळाच.

मला हवंय ते एवढंच: लांब ओळ खिडकीच्या कडेला आली की फक्त पडद्यावर खाली वळावी, शब्द मधोमध तुटू नये, फाइलमध्ये मात्र परिच्छेद सलग राहावा. म्हणून _व्हिमआरसी या व्हिमच्या सेटिंग्जच्या फाइलच्या तळाशी 'सेट रॅप', 'सेट लाइनब्रेक' आणि 'सेट टेक्स्टविड्थ=0' (म्हणजे ओळीच्या लांबीला मर्यादा नको) लिहिलंय, टंकताना अर्थात रोमनमध्ये. तरी 78 अक्षरांच्या आसपास एंटर पडतोच. मार्कडाउन फाइलमध्ये पडत नाही! उघड्या फाइलमध्ये शेवटची आज्ञा हाताने दिली की सगळं सुरळीत, बंद करून उघडली की पुन्हा पहिले पाढे.

प्रतिसाद : ती फाइल उघडून 'व्हर्बोज सेट टेक्स्टविड्थ?' द्या. 78 कुणी ठरवलं ते कळेल.

धागाकर्ता : 'व्हिमआरसी_एक्झाम्पल.व्हिम' असं दाखवतोय. ही फाइल मी कधी उघडलीसुद्धा नाही.

प्रतिसाद : तुम्ही नाही, तुमच्या _व्हिमआरसीने उघडलीय. विंडोजचा इन्स्टॉलर त्यात दुसरी फाइल वाचायला लावणारी 'सोर्स'ची एक ओळ घालून ठेवतो, वर बघा. त्या नमुना फाइलमध्ये टेक्स्ट प्रकारासाठी 78 लावणारी ऑटोकमांड (आपोआप चालणारी आज्ञा) आहे. ती चालते अशी प्रत्येक फाइल उघडताना, म्हणजे तुमची _व्हिमआरसी वाचून झाल्यावर. त्यामुळे तुमचं 0 पुसलं जातं. मार्कडाउनचा प्रकार वेगळा, म्हणून तो सुटतो. नमुना फाइलला हात लावू नका, व्हिम नवा टाकलात की बदल जाईल. 'सोर्स'च्या खाली कुठेही 'ऑटोसीएमडी फाइलटाइप टेक्स्ट सेटलोकल टेक्स्टविड्थ=0' लिहा.

धागाकर्ता : झालं! आता जुन्या लेखांतले एंटर कसे काढू? 'जीक्यू' या परिच्छेद नव्याने रचणाऱ्या आज्ञेने ओळी पुन्हा तुटतात.

प्रतिसाद : तुटणारच. टेक्स्टविड्थ 0 असली तर 'जीक्यू' पडद्याची रुंदी धरतो, तीही जास्तीत जास्त 79. तेवढ्यापुरती 99999 करा आणि 'जीजी', 'जीक्यू', मोठा 'जी' असं ओळीने दाबा. कोरी ओळ सोडलेले परिच्छेद वेगळेच राहतात. लेखात कविता उद्धृत केली असेल तर तो भाग वगळून निवडा, नाहीतर अख्खं कडवं एका ओळीत येईल.