म्हणे सुपरबग आपणच जगाला वाटतो!

घोडबंदरकर: परवा इथे एकाने टाकलं, 'परदेशी पेशंट भारतात ऑपरेशन करून सुपरबग (अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू) घेऊन परततात, मेडिकल टुरिझमच बंद करा.' डोकं फिरलं. २००८ मध्ये स्वीडनला एका पेशंटमध्ये तसलाच एक जंतू, क्लेब्सिएला, सापडला, आधी तो पेशंट दिल्लीत अ‍ॅडमिट होता, झालं! त्या जंतूतल्या, अँटिबायोटिक निकामी करणाऱ्या एन्झाइमचं नाव नवी दिल्लीवरून, एनडीएम-१. तसलंच दुसरं एन्झाइम केपीसी मात्र नॉर्थ कॅरोलिनात सापडलं, पुढे इस्रायल-ग्रीसपर्यंत पसरलं, नावात अमेरिका कुठे दिसते का?

खवचट_ऐरोली: व्हीआयएम हेही तसलंच एन्झाइम, त्यातला व्ही म्हणजे इटलीतलं व्हेरोना. ते रडत बसले नाहीत. दिल्लीत नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१चं जनुक मिळालं, हे २०११ मध्येच छापून आलंय.

घोडबंदरकर: त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकाने एनडीएम-१ या नावाबद्दल माफी मागितली, ते सोयीने विसरलात. व्हेरोनाचं माहीत नव्हतं, मान्य. खूश?

वैशाली_नेरूळ: नावावरून काय भांडताय? बाबांना ठाण्यातल्या एका आयसीयूतून नेरूळला हलवलं. फायलीत एक्स-रे, सीटी, बिलं सगळं, कोणता जंतू आहे ते सांगणारा कल्चर रिपोर्ट तेवढा नाही. इथे आल्यावर जंतू तपासायला गुदद्वारातला नमुना, म्हणजे रेक्टल स्वॅब, घेतला. तिसऱ्या दिवशी बेडला सावधगिरीचा पिवळा कागद लावला आणि सिस्टर गाऊन घालून यायला लागल्या. तोवर त्याच हातांनी शेजारच्या आजोबांचं कॅथेटर बघत होत्या. नेदरलँड्समध्ये परदेशी हॉस्पिटलातून आलेल्याला रिपोर्ट येईपर्यंत वेगळं ठेवतात. आपल्याकडे परदेश राहू दे, ठाणे-बेलापूर रोडवर काय चाललंय ते बघा.

कोपरीकर: मुळात दोष मेडिकलवाल्यांचा. अ‍ॅझी ५०० हे अँटिबायोटिक मागा, कात्रीने तीन गोळ्या कापून देतात. चिठ्ठी कोण विचारतो?

औषधवाला: आलं आमच्यावर! २०१४ पासून एच१ यादीतल्या औषधांचं रजिस्टर लिहितोय, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, सगळं. अ‍ॅझी त्या यादीत नाहीच.

कोपरीकर: म्हणजे विनाचिठ्ठी चालतं?

औषधवाला: नाही चालत, शेड्यूल एच आहे, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायचं औषध. पण नाही म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, 'समोरचा देतो.' तुम्हीच म्हणता! आणि मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक माझ्या काउंटरवर कोण मागतं हो? ते वॉर्डात चढतं.

कोपरीकर: मी कधी म्हटलं? एकदाच, तेही पोरीला ताप होता म्हणून.

खवचट_ऐरोली: 😂 सापडला.

वैशाली_नेरूळ: शेजारच्या आजोबांच्या मुलाला कुणी सांगितलं का, एवढंच मी तिथे विचारलं होतं. 'तुम्ही तुमच्या पेशंटचं बघा' म्हणाले.

घोडबंदरकर: ताई, स्वॅबचं पटलं. ती पोस्ट मात्र मूर्खपणाचीच.

वैशाली_नेरूळ: उपकार झाले.