मदत हवी आहे: मंगळागौरीच्या खेळांना खुला परवाना कसा द्यावा?

नमस्कार मंडळी, आमच्या गटाने मंगळागौरीचे खेळ नव्याने बसवलेत. झिम्मा, पिंगा, बसफुगडी सगळ्यांचीच, त्यावर कसला आलाय हक्क! पण पिंगा संपता संपता हातात सुपं येतात आणि गोल फुटून दोन ओळी होतात, ही जुळणी आमची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरलीय, मात्र ती लेखी किंवा अन्य प्रकारे नोंदलेली हवी. मग नुसता व्हिडिओ चालेल, की स्टेप्सही लिहून काढायच्या?

क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा बीवाय-एसए ४.० हा तयार खुला परवाना लावायचा विचार आहे: कुणीही करा, बदला, फक्त श्रेय द्या आणि बदललेलंही खुलंच ठेवा. गाणी आम्हीच म्हटलीत. नाचणाऱ्या बायकांची लेखी संमती तेवढी घ्यायचीय. कुणाकडे त्या संमतीपत्राचा मराठी मसुदा आहे का?