साप चावल्यास आधी आरोग्य केंद्रात न्यावे की थेट पुण्याला?

डोंगरवाडी: आमचे घर भोर तालुक्यातील एका डोंगरी वाडीवर आहे. भातलावणी सुरू झाली की आसपास कुणाला तरी साप चावल्याचे कानावर येते आणि रुग्णाला कुठे न्यावे यावरून घरोघरी खल होतो. प्राथमिक आरोग्य केंद्र अर्ध्या तासावर, तालुक्याचे सरकारी रुग्णालय तासाभरावर आणि पुणे अडीच तासांवर आहे. चुलत्यांचे म्हणणे असे की, केंद्रातून पुढे पाठवणारच असतील तर तिथे वेळ घालवू नये. हे कितपत योग्य आहे?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी: चुलत्यांचा अनुभव खोटा नसेल, पण निष्कर्ष चुकीचा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष वापरले जाते. त्यामुळे पुण्यात जे औषध मिळेल तेच केंद्रातही मिळते, आणि ते दोन तास आधी शिरेत गेले तर पुढचे बरेच नुकसान टळते. साप मारून सोबत आणण्याचीही गरज नसते. विष चढल्याची लक्षणे असतील तर सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या सलाईनमधून देतात आणि मूल लहान असले तरी मात्रा तीच राहते, कारण सापाने सोडलेले विष वयानुसार कमी होत नाही.

लक्षणे नसतील तर प्रतिविष देत नाहीत. "डॉक्टरांनी नुसते बसवून ठेवले" ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. प्रत्यक्षात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता उभी ठेवलेली असते. नंतर तिरकी केल्यावर रक्त न गोठता वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे असे समजून उपचार सुरू होतात. पहिली चाचणी ठीक आली तरी ती पुन्हा करावी लागते, म्हणून रुग्णाला निदान २४ तास देखरेखीखाली ठेवतात.

पुढे पाठवण्याची वेळ येते ती श्वास अडखळू लागला किंवा लघवी कमी झाली तर. पहिल्यासाठी व्हेंटिलेटर लागतो, दुसऱ्यासाठी डायलिसिस, आणि या सोयी केंद्रात नसतात. मात्र प्रतिविष सुरू करूनच रुग्णाला पाठवावे.

सह्यपायथा: कागदावर हे सगळे ठीक आहे. आमच्या केंद्रात मध्यरात्री डॉक्टर नव्हते आणि शिपायाने कुलूपही उघडले नाही. अशा ठिकाणी अर्धा तास घालवण्यापेक्षा तालुका गाठलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी: आपला आक्षेप मान्य आहे. म्हणूनच जूनच्या आरंभी कुणीतरी केंद्रात जाऊन प्रतिविषाच्या कुप्या आहेत का आणि रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, हे विचारून यावे; आशाताईंनाही ते ठाऊक असते. दंश झाल्यावर १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्या फोनवरून केंद्रात कळवावे. डॉक्टर नसल्याचे कळले तर तालुक्याचा रस्ता धरावा. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नये, रुग्णाला चालवू नये, दोरी आवळू नये आणि जखम कापू नये.

डोंगरवाडी: आभारी आहे. आणखी एक शंका: जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी सुरू झाली, पण अंगावर दाताची खूण नाही. तेव्हा काय समजावे?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी: पावसाळ्यात तरी मण्यारचा संशय घ्यावा. तिचे दात बारीक असल्याने खूण बहुधा दिसत नाही, सूजही येत नाही. पोटदुखीपाठोपाठ पापण्या जड झाल्या किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर उजाडण्याची वाट पाहू नये. फोन करतानाच "मण्यारची शंका आहे" असे सांगावे, म्हणजे कृत्रिम श्वास देण्याची तयारी असलेली गाडी मागवता येईल.