रेपो दर जागचा हलला नाही, मग पर्सनल लोन का आवळलं गेलं?

गंगाजळी
फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ६.५ टक्क्यांवरच होता. तरी २०२३ संपता संपता बँकांनी पर्सनल लोनला हात आखडता घेतला. व्याजदराला न शिवता रिझर्व्ह बँकेने हे कसं साधलं? आकडेमोड करून कोणी सांगेल का?

ताळेबंद
१६ नोव्हेंबर २०२३चं परिपत्रक बघा. पर्सनल लोनचा जोखीम भार (भांडवलाच्या हिशेबात कर्जाची रक्कम किती टक्के धरायची तो आकडा) १०० वरून १२५ टक्के केला, बँकांच्या क्रेडिट कार्डांचा १२५ वरून १५०. घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण कर्जं वगळली.

अशा भारित रकमेवर किमान भांडवल ९ टक्के, वर २.५ टक्के बफर म्हणजे जादा राखीव, मिळून ११.५. म्हणजे एक लाखाच्या कर्जामागे बँकेचं स्वतःचं भांडवल आधी ११,५०० रुपये लागायचं, मग १४,३७५ लागू लागलं. फरक २,८७५ रुपयांचा. भागधारकांना त्यावर १५ टक्के परतावा हवा धरला तर वर्षाला ४३१ रुपये. पण त्या २,८७५ रुपयांच्या ठेवी कमी लागतात, त्यांचं ७ टक्क्यांनी २०१ रुपये व्याज वाचलं. उरले २३० रुपये, म्हणजे लाखावर पाव टक्काही नाही (कर धरलेला नाही).

त्यामुळे खरा दणका दराचा नव्हता. नवा भार जुन्या, आधीच वाटलेल्या कर्जांनाही लागला. भांडवलाचं प्रमाण एका फटक्यात खाली आलं आणि ज्यांच्याकडे मोकळं भांडवल कमी होतं, त्यांनी अर्ज गाळायला सुरुवात केली.

वसुली
ताळेबंद यांच्या हिशेबात एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्तकंपन्या) राहिल्या. बँकांनी त्यांना दिलेल्या कर्जावर, भार १०० च्या खाली असेल तिथे, सरसकट २५ पॉइंट वाढवले. ट्रिपल-ए, म्हणजे सर्वोच्च पतमानांकनाच्या, कंपनीचा भार २० चा ४५ झाला. १०० कोटींमागे २.३ कोटी भांडवल पुरायचं, तिथे ५.१७५ कोटी! सर्वांत सुरक्षित कंपनीला सर्वांत मोठा फटका, हे मला तरी अन्यायाचं वाटतं. १ एप्रिल २०२५पासून ही वाढ मागे घेतली. पर्सनल लोनवरचे १२५ मात्र तेव्हा तसेच ठेवले.

गंगाजळी
आणि सोनेतारण वगळल्यामुळे लोक तिकडे वळले का?

ताळेबंद
वळले, आणि सोन्याचा भाव चढता असल्याने कर्ज देणाऱ्या बँका-कंपन्याही सैल झाल्या. जोखीम नाहीशी होत नाही, दार बदलते. म्हणून जून २०२५मध्ये नवे नियम आले, १ एप्रिल २०२६पर्यंत लागू करायचे. उपभोगासाठीच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५.

यात एक मेख आहे. मुद्दल-व्याज शेवटी एकदम फेडायचं असेल तर ही मर्यादा व्याजासकट रकमेला लागते. एक लाखाचं सोनं, १० टक्के व्याज, मुदत एक वर्ष, तर हातात ८५,००० नव्हे, साधारण ७७,२०० येतील. जास्त देतो म्हणणाऱ्याकडे हिशेब लेखी मागा.