ट्रेलरच्या स्टील रिमचं माप: ११२ की ११४.३? मदत हवी आहे

मंडळी, माझ्या एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरच्या दोन्ही रिम नटांच्या भोकांभोवती गंजून चिरल्या आहेत. वेल्डिंग करून वापरायची माझी अजिबात तयारी नाही, नवीनच घ्यायच्यात. अडलंय ते पीसीडीवर, म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर (मिमीमध्ये).

पाच भोकं आहेत, त्यामुळे समोरासमोर माप घेता येत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर टेपने ६६.५ मिमी आलं. त्याला १.७०१ ने गुणलं तर ११३ च्या आसपास, म्हणजे नेमकं अधांतरी! ११२ असेल तर हे अंतर ६५.८ हवं, ११४.३ असेल तर ६७.२. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा, आणि भोकं झिजून लांबट झालेली. आता हबवरच्या (चाक बसतं त्या भागावरच्या) शेजारच्या दोन स्टडवर, म्हणजे नट बसतात त्या बोल्टवर, व्हर्नियर लावून बाहेरून बाहेर माप घ्यायचं आणि त्यातून एका स्टडचा व्यास वजा करायचा, असा विचार आहे. हे भरवशाचं ठरेल का? चुकीची रिम ओढूनताणून बसते, पण नट तिरपे बसून सैल होतात, याची मला खरी भीती वाटते.

रुंदी मी टायर बसतो त्या आतल्या कडांमध्ये मोजली, साडेपाच इंच. मधलं भोक आणि नटांचा उतार जुन्याप्रमाणेच घेईन.

दुसरं म्हणजे ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर. जुन्या रिमवर ईटी ३० (म्हणजे ऑफसेट ३० मिमी) आहे, मिळतेय ती शून्यची. चाक ३० मिमी बाहेर येईल. मडगार्डला घासणं तर आहेच, पण बेअरिंगवर किती ताण वाढेल? कुणी असा बदल करून भरलेला ट्रेलर चालवलाय का?