मदत हवी आहे: आठवीच्या मुलांची एनएमएमएस शिष्यवृत्तीची तयारी

नमस्कार मंडळी. डोंबिवलीतल्या एका अनुदानित मराठी शाळेचा मी माजी विद्यार्थी. शाळा संध्याकाळी 6 ते 8 दोन वर्ग अभ्यासिकेसाठी उघडे ठेवते, आसपासच्या चाळींतली कुठलीही मुलं येऊन बसतात. आम्ही चार-पाच जण आळीपाळीने शिकवायला जातो. लोकल वेळेवर आली तर!

यंदा आठवीच्या 22 जणांना एनएमएमएसला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचंय. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला ही रक्कम लहान नाही. शालेय विषयांचा पेपर आम्ही निभावून नेतो. गाडी अडते ती बौद्धिक क्षमता चाचणीत, 90 मिनिटांत 90 प्रश्न. आरशातली प्रतिमा ओळखायची म्हटलं की एक पोरगा डब्याचं स्टीलचं झाकण आकृतीशेजारी उभं धरतो. उत्तर बरोबर येतं, पण परीक्षेत झाकण कोण नेऊ देणार?

वेग वाढवायला तुम्ही काय केलंत? रोज थोडे प्रश्न, की रविवारी अख्खा पेपर?

दुसरं, उत्पन्नाचा दाखला. रोजंदारीवरच्या पालकांकडे कागदच नसतो. कल्याण तहसीलमधून अशांचा दाखला कुणी काढलाय का? सोबत काय काय जोडलं? एका आईचे यापायी दोन खाडे झालेत.

जुन्या मराठी प्रश्नपत्रिका कुणाकडे पडून असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.