ओंडके स्वस्त, पण ओल्याचं काय?

जळणासाठी फोडलेल्या लाकडापेक्षा अख्खे ओंडके स्वस्त पडतात हा तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात वाळण्याचा काळ धरलेला नाही. सालीतून ओल फारशी जात नाही. ती जाते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून. म्हणून अख्खा ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आतून ओलाच निघतो. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला नसेल तर जळण नुसतं धुमसतं. फोडलेलं घेतानाही ‘वाळलेलं आहे’ या शब्दावर जाऊ नका, एखादा तुकडा तिथेच फोडून आतून गार-ओलसर लागतो का बघा. वजनावर घेत असाल तर पाण्याचेही पैसे देताय! मी ओंडकेच घेतो, पण फोडून पुढच्या वर्षासाठी वाळत ठेवतो. गाठाळ बुंधे मात्र नको रे बाबा, पाचरच अडकून बसते.